रीडिंग घेणं आणि रीडिंग लिहिणं

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाणी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या चालकाचं प्रशिक्षण सुरू व्हायला आठवडा उरलाय आणि तुला धास्ती आहे ती गणिताची, हे वाचून हसू आलं. रागावू नकोस. गणित चार दिवसांत येतं. मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत.

मी जलशुद्धीकरण केंद्रात पाळीवर नवा होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. रात्रीचे अडीच वाजलेले. शुद्ध पाण्याच्या टाकीवरून नमुना आणला, नळीत डीपीडीची (क्लोरीन असलं की गुलाबी रंग देणारी) गोळी चुरून टाकली, झाकण लावून हलवली. पाणी जसंच्या तसं. गुलाबी छटेचा मागमूस नाही. अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे जंतू मारून पाण्यात उरलेलं क्लोरीन, शून्य! पोटात गोळा आला. धावत जाऊन पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या क्लोरिनेटरचा डोस वाढवला. अर्ध्या तासाने पुन्हा नमुना, पुन्हा शून्य. पुन्हा डोस वाढवला. तिसऱ्यांदा शून्य आल्यावर मात्र वरिष्ठांना उठवलं.

ते आले, नळी लांब धरून हाताने वारा घेत वास घेतला आणि विचारलं, "गोळी टाकली तेव्हा काय दिसलं?" मी म्हटलं, काही नाही. "नीट आठव." मग आठवलं. पापणी लवायच्या आत काहीतरी गुलाबी चमकून गेलं होतं. त्यांनी त्याच नमुन्याचा एक भाग घेतला, त्यात नऊ भाग डिस्टिल्ड पाणी घातलं आणि नवी गोळी टाकली. नळी गर्द गुलाबी झाली. क्लोरीन प्रमाणाबाहेर गेलं की ते डीपीडीचा रंगच उडवून टाकतं आणि नळी भोळेपणाने शून्य दाखवते. रोटामीटर म्हणजे गॅसचा प्रवाह दाखवणारी काचेची नळी; तिच्यातला गोळा चिकटून बसला होता. काचेवर दिसत होता जुना आकडा, आत गॅस जात होता भलताच, आणि त्यावर मी दोनदा भर घातली होती. क्लोरीनच्या खोलीशेजारी चार तास बसून माझं नाक मेलेलं, त्यामुळे वासही आला नाही. टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला तेव्हा माझे हात थरथरत होते.

लॉगबुकमध्ये मी तीन वेळा "०" लिहिलं होतं. आकडा खरा होता, म्हणजे नळीने जे दाखवलं तेच मी लिहिलं होतं. पण ते रीडिंग नव्हतं. रीडिंग म्हणजे आकडा, तो ज्या उपकरणाने दिला त्याची तब्येत, आणि हा आकडा आत्ता, इथे, शक्य आहे का हा प्रश्न, हे तिन्ही मिळून. प्रशिक्षणात तुला पहिली गोष्ट शिकवतील, दुसरी दाखवतील. तिसरी तुलाच शिकावी लागेल.

त्या रात्री निदान मी नमुना तरी घेतला होता. कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथे नमुना न घेताच आकडे लिहिले जायचे. रोजच्या तक्त्यात अवशिष्ट क्लोरीन ०.५ किंवा ०.७५, पानामागून पान. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर. आलेल्या घाणीने क्लोरीन खाऊन टाकलं. कोणी खरोखर नमुना घेतला असता तर नळी बिनरंगाची राहिली असती आणि त्याच दिवशी कळलं असतं. तक्त्यात मात्र ठरलेला आकडा होता. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ जण गेले.

चौकशी आयोगाचा अहवाल पुढे कधीतरी सवडीने वाच. मला त्यातली एक गोष्ट फार बोचली. तिथले चालक दुष्ट नव्हते. ते स्वतः ते पाणी पीत होते, प्रक्रिया न केलेलंही पीत होते, आणि आपलं पाणी चांगलंच आहे अशी त्यांची मनापासून समजूत होती. हातात परवाने होते, पण ते परीक्षा न देता, नुसत्या अनुभवावर मिळालेले. वर्षानुवर्षं काम केलं होतं, ई. कोलाय म्हणजे काय, पाण्यात ते किती धोक्याचं, हे कोणी नीट शिकवलंच नव्हतं. पुढे २००४ मध्ये त्याच गावात पाणी चालकांच्या प्रशिक्षणासाठी केंद्र उभं राहिलं. "अनुभवाने सगळं येतं, वर्गात काय बसायचं" असं म्हणणारा जुना माणूस तुला पहिल्याच आठवड्यात भेटेल. त्याच्याकडून पंपाचा आवाज ओळखायला जरूर शीक. या बाबतीत मात्र त्याचं ऐकू नकोस.

आता तुझं गणित. प्रवाह दशलक्ष लिटर प्रतिदिन, म्हणजे एमएलडीमध्ये, आणि डोस मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये असेल तर सरळ गुणाकार कर, उत्तर किलो प्रतिदिन येतं. ८ एमएलडी पाण्याला २ मिलिग्रॅमचा डोस म्हणजे दिवसाला १६ किलो क्लोरीन. संपलं. चुका होतात त्या याच्या पुढे. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर त्यात क्लोरीन किती टक्के उरलंय? ताज्या पावडरीत तिसरा हिस्सा असतं, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की ते उडत जातं. २५ टक्केच उरलं असेल तर १६ किलोसाठी ६४ किलो पावडर लागेल. हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या द्रावणाचीही हीच तऱ्हा. म्हणजे गुणाकार बरोबर आणि डोस चूक, असं रोज होऊ शकतं. आणि पाण्याने किती क्लोरीन खाल्लं ते गुणाकार सांगत नाही. ते नळीच सांगते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पीएच ८ च्या खाली असताना निदान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायला हवं. यात पीएच का आला? साधारण ७.५ पीएचला निम्मं क्लोरीन मारक रूपात असतं, ८.५ ला ते दहा टक्क्यांच्या आसपास उरतं. दोन्ही ठिकाणी तुझा आकडा मात्र एकच येईल. बघ, पुन्हा तोच मुद्दा.

गढूळ पाण्यातले कण एकत्र आणून खाली बसवणाऱ्या तुरटीबद्दल थोडक्यात. ती किती लागते हे ठरवणाऱ्या जार टेस्टचा कंटाळा करू नकोस. सहा जार, सहा डोस, एक मिनिट जोरात, मग वीसेक मिनिटं हळू ढवळणं, मग अर्धा तास स्वस्थ. त्या हळू ढवळण्याच्या वेळी चहाला जाऊ नकोस, जारसमोर बस. आधी पाणी नुसतं धुरकट दिसतं, मग टाचणीच्या टोकाएवढे कण दिसायला लागतात, मग एखाद्या जारमध्ये ते मोठे, कापसासारखे होऊन गोल फिरू लागतात आणि शेजारच्या जारमध्ये काहीच घडत नाही. कुठल्या डोसला ते किती लवकर झालं हे डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाही. दर एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता (पीएच सावरून धरणारा पाण्याचा गुण) खाते, हेही लक्षात ठेव. पावसाच्या नव्या पाण्यात क्षारता कमी असते, आणि तिथे नुसती तुरटी वाढवत गेलं तर पीएच घसरतो आणि कण धरायचंच थांबतं.

गढूळपणाचा आकडा दिसायला बारीक असतो म्हणून त्याला हलक्यात घेऊ नकोस. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात १९९३ मध्ये फिल्टरमधून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा नेहमीच्या पाव एनटीयूवरून (हे गढूळपणाचं एकक) १.७ वर गेला. ग्लासात धरलं तर फरक जेमतेम दिसेल. त्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी गेला, जो क्लोरीनला दाद देत नाही, आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. म्हणून फिल्टर उलट्या पाण्याने धुतल्यावर, म्हणजे बॅकवॉशनंतर, लगेच लाइनवर घ्यायची घाई करायची नाही. धुतल्या धुतल्या पहिलं पाणी खराबच येतं, ते वाया जाऊ दे.

सांडपाण्याकडे नेमणूक झाली तर तोंड वाकडं करू नकोस. बरेच जण करतात, आणि मला ते कधी कळलं नाही. पिण्याच्या पाण्यात तू जंतू मारतोस, इथे तू ते पाळतोस. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली, आणि दर वेळी बसलेला गाळ फेकून न देता तोच पुन्हा वापरला. काम भराभर उरकायला लागलं. आजची एअरेशन टाकी म्हणजे मुळात तेवढंच.

तिथे तुझं सगळ्यात मोलाचं उपकरण म्हणजे एक लिटरचा मोजपात्राचा जार. टाकीतलं मिश्रण भर आणि ३० मिनिटं ठेव. गाळ २५० मिलिलिटरवर बसला आणि टाकीत घन पदार्थ २,५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर असतील, तर गाळाचा निर्देशांक १००, म्हणजे दर ग्रॅम घन पदार्थाने १०० मिलिलिटर जागा घेतली. छान. १५० च्या पुढे गेला तर गाळ फुगू लागलाय, तंतूसारखे जंतू वाढलेत असं समज आणि सूक्ष्मदर्शक काढ. पण ३० मिनिटांनी आकडा लिहून जार ओतून टाकू नकोस. तसाच ठेव तासभर, दोन तास. कधीकधी छान बसलेला गाळ पुरीसारखा फुगून अख्खा वर येतो. तळाशी ऑक्सिजन संपल्यावर नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो आणि त्याचे बुडबुडे गाळ उचलतात. निवळण टाकीत उद्या हेच होणार असल्याची ती आगाऊ चिठ्ठी आहे. अर्ध्या तासाच्या रीडिंगमध्ये ती नसते.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, तिचा परिणाम दिसेपर्यंत दुसरीला हात लावू नकोस. आज हवा सोडणारा ब्लोअर वाढवला, उद्या टाकीत परत पाठवायचा गाळ कमी केला, परवा जास्तीचा गाळ काढला, तर सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळणार नाही. जंतूंना नवी परिस्थिती अंगवळणी पडायला काही दिवस, कधी आठवडे लागतात. ते थांबणं मला फार जड गेलं.

आता जे लिहितोय ते मात्र सल्ला म्हणून घेऊ नकोस, हुकूम समज. मॅनहोल, ओला संप (सांडपाण्याची खोल टाकी), रिकामी टाकी, व्हॉल्व्हचा खोल चेंबर, यांत गॅस मोजल्याशिवाय डोकंसुद्धा घालायचं नाही. आधी ऑक्सिजन, मग पेटणारे वायू, मग विषारी. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही पातळ्यांवर. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जाणं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माझं क्लोरीनच्या खोलीशेजारी झालं तसंच. ७०० च्या वर गेलं तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. वर मोजलं तेव्हा काही नव्हतं, ही खात्रीही पुरत नाही. तळाचा गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो, म्हणून मीटर अंगावर चालू ठेवूनच काम करायचं.

आत कोणी पडलेला दिसला तर उडी मारायची नाही. हे वाचायला सोपं आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेचं संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेल्यांचे असतात. म्हणून माणूस उतरायच्या आधीच त्याच्या अंगावर हार्नेस, वर तिकाटणं आणि विंच, आणि तिथून न हलणारा एक माणूस हवा. हे नसेल तर काम होणार नाही, असं पहिल्या महिन्यातल्या पोराने म्हणणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. तरी म्हण. वरिष्ठ चिडले तर चिडू देत. आणि नोंदवहीत लिही की साहित्य नव्हतं म्हणून काम थांबवलं, वेळेसकट.

नोंदवहीचंच राहिलं. पाळी बदलताना तोंडी सांगण्यावर भागवू नकोस. जाणाऱ्या माणसाला घरची ओढ असते, येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोप असते. काय बिघडलं, काय बदललं, काय पाहायचं राहिलं, हे लिही. रीडिंग घ्यायचं राहिलं तर घेतलंच नाही असं लिही. ती जागा रिकामी ठेवायला लाजू नकोस. मी अशा रिकाम्या जागा ठेवल्यात आणि त्यांवरून बोलणीही खाल्लीत.

सोबत माझी जुनी वही पाठवतोय. पहिल्याच पानावर त्या रात्रीची तिन्ही शून्यं आहेत, शेजारी वरिष्ठांच्या अक्षरात "१:१०" लिहिलंय. प्रशिक्षणात नळी हातात आली की पहिल्याच दिवशी एक कर: वाहिनीच्या अगदी शेवटच्या नळावर जाऊन नमुना घे, आणि क्लोरीनचा आकडा किती आला ते मला कळव. कुठल्या वेळी घेतला तेही लिही.

तुझा,
जुना पाळीवाला