वडिलांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून द्यावं का?

तुमचा प्रश्न असा, की वडील विंडोज १० वर आहेत, 'आहे ते बरं आहे' म्हणतात, तुम्हाला मात्र त्यांना ११ टाकून द्यायचंय. तर वापरणाऱ्यांचा अनुभव काय, मशीन हळू होतं का, आणि त्यांना सवय व्हायला किती दिवस लागतील. त्यातलं 'टाकून देऊ का' वाचलं आणि राहवलं नाही. मी तुमच्या वडिलांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. विंडोज ९८ पासून कॉम्प्युटरवर आहे, तेव्हा 'वय झालं की जमत नाही' हे मला कुणी ऐकवू नये. २०२५ च्या सप्टेंबरात, मी दोन दिवस बाहेर होते तेवढ्यात माझ्या भाच्याने माझ्या मशीनवर ११ चढवलं. हेतू चांगला होता. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार होता आणि मी सहा महिने नुसतं 'बघू' म्हणत होते. घरी आले तर हा खुर्चीत बसलेला. "मावशी, झालं बघ तुझं काम. एक फाईल इकडची तिकडे झालेली नाही."

फाईल खरंच हलली नव्हती. बाकी सगळं हललं होतं.

पहिल्या दिवशीचं नवल म्हणजे डावा खालचा कोपरा. विंडोज ९५ पासून स्टार्ट तिथे असायचं. ११ मध्ये ते मधोमध येऊन बसलं आणि कोपऱ्यात आलं हवामान. दिवसभरात मी किती वेळा स्टार्ट समजून पावसाचा अंदाज उघडला, मोजलं नाही. हे एका मिनिटात सुधारतं (टास्कबारच्या सेटिंगमध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' करा), पण भाचा म्हणाला, "राहू दे गं, होईल सवय." तीच सवय, जिच्यावरून आमचं २०१२ पासून वाजलेलं आहे. तेव्हा विंडोज ८ आलं होतं, स्टार्ट बटणच गायब होतं, आणि शाळेत जाणारा हा पोरगा मला सांगत होता की मी जुन्या वळणाची आहे म्हणून मला ते सापडत नाही. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं. ते काय माझ्या एकटीच्या हट्टापायी आलं? पण तेव्हा त्याने कबूल केलं नाही ते नाहीच.

आता खरी गोष्ट. माझ्याकडे एका पुस्तकाच्या नेहमी दोन फाईली उघड्या असतात, पहिलं वाचन आणि दुसरं वाचन. नावाच्या सुरुवातीला मी मुद्दाम आकडा लावते, १ आणि २, म्हणजे टास्कबारवर दोन लांब पट्ट्या दिसतात आणि नजर न वळवता कळतं कुठली कुठे आहे. वर्डमधलं ट्रॅक चेंजेस (केलेली प्रत्येक दुरुस्ती खुणेने दाखवणारी सोय) मी बंद ठेवते, कारण लाल रेघा बघितल्या की काही लेखकांचा रक्तदाब वाढतो. ११ वर त्या दोन पट्ट्यांच्या जागी वर्डचं एकच चौकोनी चिन्ह होतं. त्यावर माऊस नेला की दोन छोटी पानं वर येतात, आणि दोन्ही सारखीच, पांढऱ्यावर करड्या मुंग्या. वर बारीक अक्षरात नाव असतं. पण हात नाव वाचत बसत नाही, हात जागा ओळखतो. दुसऱ्या जागी दुसरं वाचन, एवढंच माझ्या हाताला माहीत.

त्या दिवशी मी आधी दुसरी फाईल उघडली होती आणि एक संदर्भ बघायला नंतर पहिली. म्हणजे जागा उलट. तीन प्रकरणं मी बसून तपासली. चौथ्यात 'परिक्षा' आली, पहिली वेलांटी. ती मी चार दिवसांपूर्वी दुरुस्त केल्याचं स्पष्ट आठवत होतं, कारण त्या लेखकाशी फोनवर त्यावरून बोलणं झालं होतं. मी ती पुन्हा 'परीक्षा' केली. पुढच्या परिच्छेदात 'आशिर्वाद'. तोही दुरुस्त केलेला. एक क्षण वाटलं, आपल्यालाच काही व्हायला लागलं. मग वर बघितलं तर फाईल १.

वर्डमध्ये 'रिव्ह्यू'खाली 'कंपेअर' असतं, त्याने दोन फाईली समोरासमोर लावून सगळं निवडून निवडून पलीकडे नेलं. संध्याकाळ गेली त्यात. चूक माझीच, नाव वाचायला हवं होतं. पण भाच्याला फोन करून एवढंच विचारलं, की त्या नावाच्या पट्ट्या परत आणता येतील का. उत्तर एका सेकंदात आलं. "नाही मावशी, ११ मध्ये ते नाहीच. काढून टाकलंय. तू एवढी चिकटून का बसतेस जुन्याला?"

अपग्रेड केल्यावर १० वर परत जायला दहा दिवस मिळतात. माझा सातवा होता. परत जायचं ठरवूनच सेटिंग्ज उघडल्या होत्या, पण स्वभाव शोधकाचा, एकेक ओळ वाचत गेले. पर्सनलायझेशन, टास्कबार, तिथे सगळ्यात खाली 'टास्कबार बिहेविअर्स' दुमडून ठेवलेलं. ते उघडलं तर आत 'कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स'. समोर 'ऑल्वेज' होतं, त्याचं 'नेव्हर' केलं. पट्ट्या आल्या, १ आणि २. मी तशीच बसून राहिले थोडा वेळ.

मग खोदून बघितलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ११ आलं तेव्हा ही सोय खरंच काढलेली होती. लोकांनी आरडाओरडा केला आणि २०२३ मध्ये ती परत आली. भाचा २०२१ मध्येच ११ वर गेला होता, त्याने एकदा बघितलं, नाही म्हणून सोडून दिलं, आणि चार वर्षं तेच जगाला सांगत राहिला. म्हणजे जुन्याला चिकटून नक्की कोण बसलं होतं? त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "अच्छा, परत आणलं का त्यांनी." बस, एवढंच. तेरा वर्षांच्या भांडणाचा निकाल एवढ्यात लागला.

ही एकच सोय नाही. फाईल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर नेणं २०२१ मध्ये काढलं, २०२२ मध्ये परत दिलं. उजव्या क्लिकच्या यादीत कट, कॉपी, रीनेम यांची नुसती चिन्हं ठेवली, ती कुणाला कळेनात, मग पुढे २४एच२ मध्ये (११ चं २०२४ चं मोठं अपडेट) त्यांच्याखाली नावं लिहिली. आजही त्या यादीत हवं ते सापडत नाही म्हणून 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं (शिफ्ट धरून उजवी क्लिक करा, जुनी यादी थेट येते, हे वडिलांना पहिल्या दिवशी सांगा). वर्डपॅड तर २४एच२ मधून गेलंच. माझं सरळ मत आहे, की जे घाईने काढलं आणि दोन वर्षांनी गुपचूप परत ठेवलं, त्याबद्दल तक्रार करणारे बदलाला घाबरत नव्हते. बरोबर होते.

चांगलं काय? आहे, बरंच आहे. दोन खिडक्या शेजारी लावायला विंडोज आणि झेड दाबलं की मांडणीचे नमुने समोर येतात. माझ्या कामाला याच्यासारखी सोय नाही, आता मोठ्या स्क्रीनवर दोन्ही वाचनं शेजारीच असतात. फाईल एक्सप्लोररला टॅब आले, नोटपॅडलाही आले. नोटपॅड जतन न करता बंद केलं तरी मजकूर पुढच्या वेळी तसाच मिळतो, त्याने मला दोनदा वाचवलंय. मराठीचा फोनेटिक कळफलक १० मध्ये वापरायचे तसाच इकडे आला. दिसायला ११ नीटनेटकं आहे, डोळ्यांना शांत. मी दहा दिवसांनंतरही परत गेले नाही, हेही लिहायलाच हवं.

वेगाचं म्हणाल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम असेल तर फरक जाणवत नाही. कागदावर ४ जीबी चालते म्हणतात, पण ४ जीबीवर ११ वापरायचं म्हणजे शिक्षा आहे. फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती बदला.

तेव्हा टाकायचं असेल तर वडिलांना शेजारी बसवून टाका, ते घरात नसताना नाही. आधी त्यांच्या स्क्रीनचा फोटो काढा, कुठे काय ठेवलंय त्याचा. मग स्टार्ट डावीकडे, पट्ट्यांवर नावं, हे दोन बदल आपण होऊन करून द्या. 'होईल सवय' हे वाक्य तोंडातून काढू नका. सवय त्यांना आहेच, वीस-वीस वर्षांची आहे, ती मोडायला आपण निघालोय.

राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण) डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे ओढून घेऊ शकतं आणि फुकट जागा ५ जीबीच असते, तेव्हा बॅकअप चालू ठेवायचा का ते ठरवूनच ठेवा. अपग्रेड न करता कोरं इन्स्टॉल करणार असाल तर मायक्रोसॉफ्ट खातं वडिलांचंच वापरा. २४एच२ पासून तशा इन्स्टॉलमध्ये बहुतेक मशीनवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो, म्हणजे कुलूपबंद होतो, आणि त्याची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाते. खातं तुमचं असलं, तर त्यांच्या कपाटाची किल्ली तुमच्या खिशात. छापून त्यांच्या हातात द्या.

आणि हे खरं तर आधी विचारायला हवं होतं. प्रोसेसर कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा असेल किंवा टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) नसेल, तर वरचं सगळं सोडून द्या, ११ त्यावर रीतसर चढतच नाही. अशा मशीनला १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, अपडेटच्या पानावरच नोंदणी करता येते. म्हणजे तोवर तरी वडील जिंकले.