हजार रुपयांत सगळे ओटीटी: घ्यावं का?

प्रश्न: नेटफ्लिक्सला महिन्याला ४९९, प्राइमला वर्षाला १,४९९ आणि जिओहॉटस्टारला ८९९ जातात. मुलगा पुण्याला होस्टेलवर गेला आणि त्याचं नेटफ्लिक्स बंद पडलं. ओळखीचा मोबाइलवाला वर्षाला हजारात सगळं दाखवणारं ॲप टाकून देतो म्हणतो. यांचा टॉवेल कारखान्यातला पगार बेताचा. काय करावं? (एक गृहिणी, अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर: ताई, तुमचा राग रास्त आहे. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने घराबाहेर पासवर्ड वापरणं बंद केलं. प्राइमवर पैसे भरूनही जून २०२५ पासून जाहिराती आल्या. कंपन्याच असं वागल्या की माणूस चोरवाटेकडे वळतो, हे त्यांनाही कळतं. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने टीव्हीवर चालणारा बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ वर आणला, तो काही उगाच नाही.

आता हिशेब बघा. आज वर्षाला ८,३८६ रुपये जातात. दोन स्क्रीनचा ४९९ चा प्लॅन मुलासाठी होता ना? तो आता घरी नाही. बेसिक घ्या, तोही वर्षातले चारच महिने: ७९६. मालिका आणि क्रिकेटसाठी हॉटस्टार राहू द्या. प्राइमवरून घरी सामान फारसं येत नसेल, तर नूतनीकरण करू नका. एकूण १,६९५. वाचले ६,६९१.

मोबाइलवाल्याच्या ॲपने ७,३८६ वाचतील. म्हणजे फरक जेमतेम ७०० रुपयांचा, आणि त्यासाठी तुम्ही काय पणाला लावताय? असलं ॲप प्ले स्टोअरवर नसतं. फोनमधलं ‘अनोळखी स्रोत’ हे सेटिंग चालू करून ते टाकतात, मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. बँकेचा ओटीपी त्याच एसएमएसमध्ये येतो, आणि यांचा पगार ज्या खात्यात जमा होतो त्याचं यूपीआयही बहुतेक त्याच फोनवर असेल. शिवाय अशा सेवा रातोरात बंद पडतात, तेव्हा हजार रुपये परत मागायला जाणार कुणाकडे? पावतीही नसते. चोरून चित्रपट दाखवणाऱ्याला २०२३ च्या कायदादुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अशा माणसाच्या हाती फोन देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आजच यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून नेटफ्लिक्सचा ४९९ चा आदेश रद्द करा. बँकेत महिना ५०० ची वर्षभराची आरडी (दरमहा भरायची आवर्ती ठेव) सुरू करा. पुढच्या वर्षी होस्टेलची फी भरताना ती हाताशी येईल.