मधुमेहात पालिताव चालेल का?

प्रश्न : माझी मुलगी फिलिपीन्समधील दावाओ येथे वैद्यकीय शिक्षण घेते. सुट्टीत आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आली असता तिने चिकट तांदळाचे ‘पालिताव’ आणि ‘बिको’ हे तिकडचे गोड पदार्थ केले. ते सर्वांना आवडले. परंतु माझ्या यजमानांना मधुमेह आहे. त्यांना ते द्यावेत का?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : द्यावेत, मात्र दोन्ही पदार्थांना एकच नियम लावू नये. पालितावसाठी चिकट तांदळाच्या पिठाची चपटी वडी उकळत्या पाण्यात सोडतात. ती आधी तळाशी जाते आणि शिजली की वर तरंगते, त्यावरूनच हे नाव पडले आहे. मग ती ओल्या खोबऱ्यात घोळवून वर साखर आणि भाजलेले तीळ घालतात. साखर अशी वरून घालायची असल्यामुळे ती किती असावी, हे आपल्या हाती राहते. बिकोमध्ये मात्र तांदूळ नारळाच्या दुधात आणि ब्राउन शुगरमध्ये आटवलेला असल्याने ती नंतर वगळता येत नाही, शिवाय नारळाच्या दुधातील संपृक्त स्निग्धांशही पोटात जातात. म्हणून यजमानांसाठी मी पालितावच निवडेन. बिको सणावारी एखादा चमचा पुरे.

या तांदळाचा चिकटपणा ग्लुटेनमुळे येत नाही. त्यातील स्टार्च जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन या प्रकारचा असतो. तो झटकन पचतो आणि रक्तातील साखर वेगाने वाढवू शकतो. त्यामुळे चारच्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी, हे पदार्थ मुळीच देऊ नयेत. वरण, पालेभाजी आणि कोशिंबीर खाऊन झाल्यावर भाताऐवजी दोन लहान पालिताव द्यावेत. ‘भाताऐवजी’ या शब्दावर माझा विशेष भर आहे, कारण गणपतीत आपण पोळी आणि भात पोटभर जेवून वर उकडीचे मोदक घेतो, आणि नेमकी हीच सवय मधुमेहींना बाधते.

पहिल्यांदा देताना जेवायला बसल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासून आकडा लिहून ठेवावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा; गोड खायचे म्हणून गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा आपल्या मनाने बदलू नये. वाढताना साखरेचे भांडे ताटाजवळ न ठेवता पालिताव केवळ खोबऱ्यात आणि तिळात घोळवून द्यावेत, आणि साखर हवीच असेल तर अर्धा चहाचा चमचा स्वयंपाकघरातच मोजून घालावी.