नववीतल्या मुलाला दम्याचा पंप शाळेत न्यायची लाज वाटते, त्याला कसे समजवावे?

निपाणीजवळच्या गावातून तुम्ही विचारले आहे, की मुलगा बरे वाटताच रोजचा पंप सोडून देतो आणि वर्गात तो बाहेर काढायला लाजतो, तर काय करावे. मी खानापूर तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवतो आणि मला लहानपणापासून दमा आहे. माझे स्पष्ट मत असे, की ‘पंप घेतलास का?’ हे रोजचे विचारणे थांबवून आजाराचा कारभार हळूहळू त्याच्याच हाती द्यावा. एसएसएलसी (दहावी) झाल्यावर पीयूसीसाठी (अकरावी-बारावीसाठी) तो बेळगावात खोली घेऊन राहू लागला, तर तेथे विचारणारे कोणी नसेल.

त्याला आधी दोन पंपांतला फरक कळू द्या. धाप नसतानाही दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. रोजचा स्टेरॉइडचा पंप ती उतरवतो, पण त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे मुलांना तो निरुपयोगी वाटतो. सालब्युटामॉलचा पंप आवळलेल्या नलिका काही मिनिटांत मोकळ्या करतो, मात्र सूज तशीच राहते. म्हणूनच २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार १२ वर्षांपुढील रुग्णांना केवळ सालब्युटामॉलवर ठेवू नये. पंपाची सवय लागते, ही आपल्याकडची समजूत निराधार आहे.

तो पंप कसा घेतो, हेही एकदा शेजारी बसून पाहा. पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, ओठ घट्ट मिटून, दाबताक्षणी सावकाश श्वास ओढायचा आणि सुमारे दहा सेकंद रोखायचा. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरी वाफ निसटली, तर बरेचसे औषध वाया गेले. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावल्यास हे सोपे जाते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरणे आवश्यक आहे.

त्रास कशाने वाढतो, याची नोंद त्यालाच ठेवू द्या: उसाचे पाचट जाळल्याचा धूर, तंबाखूच्या वखारीतली धूळ, पावसाळ्यात भिंतींवर येणारी बुरशी, दिवाळीचे फटाके. खेळ मात्र बंद करू नका. खेळल्यावर धाप लागत असेल, तर आधी कोणता पंप घ्यावा, हे त्याने स्वतः डॉक्टरांना विचारावे आणि तुम्ही तेव्हा गप्प बसावे. लाजेचे म्हणाल, तर सगळ्या वर्गाला सांगण्याची गरज नाही. एक जवळचा मित्र आणि खेळाचे शिक्षक यांना पंप दप्तराच्या कोणत्या कप्प्यात असतो, एवढे ठाऊक असले तरी पुरते.

त्रास वाढल्यास काय करायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सलग वाक्य बोलता येईना, ओठ निळसर पडले किंवा सालब्युटामॉलच्या पंपाने आराम पडेना, तर तोच पंप देत राहून लगेच १०८ला फोन करा.