घरात २ वर्षांचं मूल आहे, मुंबईत गॅलरीतल्या कुंडीत कळलावी लावू का?

सध्या नकोच, मूल जाणतं होईपर्यंत थांबा. कळलावी आपल्या सह्याद्रीतलीच, फूल देखणं, पण तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात आणि बियांत विशेष. कंद थेट रताळ्यासारखा दिसतो. पावसाळ्यानंतर वेल वाळते, कुंडी रिकामी वाटते आणि कोणीतरी माती उकरतं. खरा धोका तिथे. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, म्हणून तुकडा पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा. कुलूपबंद गच्ची असेल तर मात्र जरूर लावा: १२ इंची कुंडी, मे अखेर कंद आडवा, २ इंच खोल, हातात मोजे. कोंबाचं टोक जपा, ते मोडलं की कंद सहसा उगवत नाही.