‘तीन महिने झाले, आता फिजिओ बंद करू का?’

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या घरांतून हा प्रश्न मला सतत येतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकूंनीही तोच विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) काकांची उजवी बाजू लुळी पडली होती. काठी धरून ते घरातल्या घरात चालू लागले, बोटंही जरा उघडायची, पण हात काही कामाला येईना. “जे यायचं ते तीन महिन्यांत येतं म्हणतात. मग उगाच पैसे कशाला घालवायचे?” त्यात काका कोणाशी धड बोलेनासे झाले होते.

पहिल्या ३ महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरं. त्यानंतर ती थांबते, हे मात्र खरं नाही. मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही, पण उरलेले भाग त्याचं काम थोडंफार उचलतात, तेही पुन्हा पुन्हा करून घेतलं तरच. अमेरिकेतल्या ‘एक्साइट’ चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यातल्या २२२ रुग्णांना झटका येऊन ३ ते ९ महिने उलटले होते आणि मनगट-बोटं थोडी तरी हलत होती. त्यांतल्या काहींच्या चांगल्या हाताला २ आठवडे जाड मोजा घालून दुबळ्या हातालाच कामाला लावलं. इतरांपेक्षा त्यांचा हात जास्त सुधारला आणि ती सुधारणा वर्षानंतरही टिकून होती.

मी काकूंना दिवसभराचं सगळं सांगायला लावलं. चहाचा कप त्या तोंडाला लावायच्या, दाढी मुलगा करायचा, शर्टही काकूच घालायच्या. फिजिओथेरपिस्ट तासभर व्यायाम घेऊन गेल्या की उरलेला दिवस तो हात मांडीवर पडून. हे सगळं मायेनेच चाललेलं. पण न वापरलेला हात हळूहळू मेंदूच्या खिजगणतीतच राहत नाही.

मग फिजिओथेरपिस्टना सोबत घेऊन बसलो. सुरुवात शर्टापासून: आधी दुबळा हात बाहीत, मग चांगला, काढताना उलट. पहिल्या सकाळी काकांचा हात बाहीत अडकला, बराच वेळ गेला. बघवेना म्हणून काकू स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, पण मदतीला धावल्या नाहीत. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. स्वतःचं माणूस झगडताना पाहून गप्प राहणं सोपं नसतं.

काकांच्या अबोल्याला घरचे ‘मनावर घेत नाहीत’ म्हणायचे. झटक्यानंतर साधारण ३ पैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. ते आजाराचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांशी बोलून काकांना औषध सुरू झालं. नंतर एकदा मी विचारलं, “काका, तुम्हाला काय करायचंय?” ते म्हणाले, “तलावपाळीला जायचंय.” तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं! जिन्याचा सराव त्यासाठीच सुरू झाला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा.

आज काका शर्ट स्वतः घालतात, वरचं बटण काकू लावतात. उजव्या हाताने लिहिणं जमत नाही. कदाचित जमणारही नाही. तलावपाळीला रिक्षाने जातात, तिथे बाकापर्यंत चालतात.

तेव्हा फिजिओ परस्पर बंद करू नका. रोज परवडत नसेल तर थेरपिस्टना तसं मोकळेपणाने सांगा. घरी करायचा व्यायाम शिकून घेऊन फेऱ्या कमी करता येतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या पालिकेच्या रुग्णालयातही चौकशी करा. आणि उठवताना दुबळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा सांध्यातून सरकतो.