वाचकांचे प्रश्न: पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डाच्या) गर्बर आणि ड्रिल फाइली

प्रश्न: बोर्डाची मूळ डिझाइन फाइल पाठवली, तर निर्मात्याने ‘गर्बर पाठवा’ असं कळवलं. दोन थरांच्या बोर्डासाठी नेमकं काय काय द्यायचं?

उत्तर: मूळ फाइल सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या आवृत्तीत उघडली की फॉन्ट बदलू शकतो, तांब्याचे भरीव भाग वेगळ्या पद्धतीने भरले जाऊ शकतात. अंतिम चित्र काय असावं हे डिझाइन करणाऱ्यानेच ठरवायला हवं, आणि गर्बर म्हणजे तेच ठरलेलं चित्र, एका फाइलमध्ये एक थर. दोन्ही बाजूंचं तांबं, दोन्ही बाजूंचे सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक लेप), वरची सिल्कस्क्रीन, म्हणजे छापलेली अक्षरं आणि खुणा (खाली अक्षरं असतील तर खालचीही) आणि बोर्डाची बाह्यरेषा एवढ्या गर्बर फाइली द्या. ड्रिलची, म्हणजे भोकांची माहिती वेगळी, एक्सेलॉन नावाच्या फाइल-स्वरूपात असते. आतून तांबं चढवलेली भोकं आणि तांबं नसलेली भोकं दोन स्वतंत्र फाइलींत दिली तर घोटाळा होत नाही. सोल्डर पेस्टचा थर फक्त स्टेन्सिलसाठी (पॅडवर पेस्ट लावायच्या छिद्रांच्या पत्र्यासाठी) लागतो.

बाह्यरेषा पूर्ण बंद हवी. रेघेला जाडी असली तरी तिचा मध्य हीच कड धरली जाते. आणि फाइली काढण्याआधी तांब्याचे भरीव भाग पुन्हा भरून घ्या. ट्रॅक (जोडणीची तांब्याची रेघ) हलवल्यावर जुनाच भराव राहिला, तर तो नव्या ट्रॅकवरून जातो आणि शॉर्ट तसाच छापला जातो.

प्रश्न: व्ह्यूअरमध्ये तांब्याचे थर बरोबर दिसतात, पण भोकं पॅडवर (सुटे भाग सोल्डर करायच्या तांब्याच्या जागांवर) बसत नाहीत. चूक कुठे शोधायची?

उत्तर: भोकं कशी चुकली आहेत ते आधी नीट बघा, कारण त्यावरूनच कारण कळतं.

सगळी भोकं एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकली असतील तर आरंभबिंदू वेगळा आहे. गर्बर पानाच्या कोपऱ्यापासून मोजले गेले आणि ड्रिल बोर्डाच्या कोपऱ्यापासून. दोन्ही निर्यात करताना एकच आरंभबिंदू निवडा.

भोकांची मांडणी बरोबर आहे पण ती सगळी मांडणीच एकसारखी लहान किंवा मोठी झाली असेल, तर प्रमाण मोजा. २५.४ पट फरक असेल तर मिलिमीटर आणि इंच यांची गल्लत आहे. १० पट असेल तर दशांशस्थळांची संख्या चुकली आहे.

भोकं इतस्ततः विखुरलेली, काही बरोबर आणि काही भलतीकडे, असं दिसलं तर शून्यं गाळण्याचा प्रश्न आहे. जुन्या पद्धतीत दशांशचिन्ह लिहीत नाहीत. पूर्णांकाचे ३ आणि दशांशाचे ३ अंक ठरले असतील, तर १२.५ मिमी म्हणजे ०१२५००. शेवटची शून्यं गाळली की उरतं ०१२५. वाचणाऱ्याला वाटलं की सुरुवातीची शून्यं गाळली आहेत, तर तो ते ०.१२५ मिमी समजतो. पण १३.२७५ मिमीचं ०१३२७५ दोन्ही प्रकारे बरोबरच वाचलं जातं, म्हणून सगळी भोकं सारखी चुकत नाहीत. इथे आणखी एक खाच आहे. गर्बरच्या शीर्षभागात कोणती शून्यं गाळली ते लिहितात, तर एक्सेलॉनमध्ये ‘एलझेड’ याचा अर्थ सुरुवातीची शून्यं ठेवली आहेत असा होतो. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की उलटं होतं. ड्रिल फाइल मिलिमीटरमध्ये आणि दशांशचिन्हासह काढा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: सोल्डर मास्कच्या फाइलमध्ये फक्त पॅड दिसतात. फाइल उलटी निघाली का?

उत्तर: नाही, बरोबर आहे. या थरावर जिथे आकृती असते तिथे मास्क नसतो. म्हणूनच एखादा व्हाया (थर जोडणारं तांबं चढवलेलं भोक) झाकून हवा असेल तर तो या फाइलमध्ये दिसता कामा नये. खालच्या थरांची अक्षरं व्ह्यूअरमध्ये उलटी दिसतात, तेही योग्यच, कारण सगळे थर वरून आरपार बघितल्यासारखे असतात. ते ‘सुधारण्यासाठी’ थर कधीही मिरर करू नका.

प्रश्न: ड्रिल फाइलमध्ये भोकाचा कोणता व्यास लिहायचा? तांब्याचा थर धरून की न धरता?

उत्तर: तयार बोर्डावर जो हवा तो. भोकाच्या भिंतीवर साधारण २० ते २५ मायक्रॉन तांबं चढतं, म्हणजे व्यास सुमारे ०.०५ मिमीने कमी होतो, त्यावर फिनिशचा (तांब्यावरच्या शेवटच्या मुलाम्याचा) थर येतो. हा हिशेब करून निर्माताच मोठं ड्रिल निवडतो. तुम्हीही वाढ केली तर ती दोनदा होते आणि भोकाभोवतीची पॅडची कडी बारीक पडते. ‘व्यास तयार भोकाचे आहेत’ असं सोबतच्या टिपेत लिहा.

चौकोनी पिनच्या बाबतीत कर्ण मोजा. ०.६४ मिमीच्या हेडर पिनचा कर्ण ०.९ मिमीच्या किंचित वर जातो. त्यामुळे ०.९ च्या भोकात ती अडकते, १.० मिमी ठेवा.

प्रश्न: जुन्या बोर्डाच्या गर्बर फाइली उघडतात, पण सगळ्या रेघा एकाच जाडीच्या दिसतात.

उत्तर: त्या आरएस-२७४-डी स्वरूपाच्या असाव्यात. त्यात रेघ कोणत्या क्रमांकाच्या ॲपर्चरने (ठरावीक आकाराच्या ‘पेना’ने) काढायची एवढंच असतं, त्या ॲपर्चरचा आकार वेगळ्या यादीत असतो. ती यादी मिळवा. तिच्याशिवाय जाडी निव्वळ अंदाजाने भरावी लागते. हे स्वरूप २०१४ मध्ये अधिकृतपणे रद्द झालं आहे. नव्या कामासाठी आरएस-२७४-एक्स किंवा एक्स-२ वापरा, त्यात आकार फाइलमध्येच असतात.

प्रश्न: चार थरांच्या बोर्डाला वेगळी काळजी लागते का?

उत्तर: आतल्या थरांचा क्रम. दोन आतले थर अदलाबदल झाले तरी आरपार व्हायांमुळे सगळी जोडणी तशीच राहते, म्हणून विद्युत चाचणीत बोर्ड पास होतो. पण ग्राउंडचा थर सिग्नलपासून दूर गेल्याने ट्रॅकचा इम्पिडन्स (वेगवान सिग्नलला होणारा विरोध) बिघडतो, आणि कारण सापडता सापडत नाही. फाइलींच्या नावांत थरांचे क्रमांक द्या, प्रत्येक थराच्या तांब्यात कोपऱ्यात १, २, ३, ४ हे आकडे एकमेकांवर येणार नाहीत असे शेजारी शेजारी कोरा, आणि थरांमधली जाडी टिपेत लिहा. सोबत आयपीसी-डी-३५६ नेटलिस्ट (कोणते बिंदू एकमेकांना जोडलेले असावेत याची यादी) दिली तर निर्माता गर्बरमधली जोडणी तिच्याशी ताडून पाहू शकतो. वर सांगितलेला जुन्या भरावाचा शॉर्ट अशाच तपासणीत, बोर्ड बनण्याआधी सापडतो.